अडतीस नंबरची पोरगी

इंद्रभान गावंडे यांनी आयुष्यात कधी दारू घेतली नाही, कधी पत्ते कुटले नाहीत आणि कधी आवक क्रमांक चुकवला नाही. पहिल्या दोन गोष्टी कारंज्यात आणखी काही लोकांना जमल्या असतील. तिसरी मात्र त्यांची एकट्याची. एका सरकारी कार्यालयात ते एकतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसले. आलेल्या प्रत्येक कागदावर गोल शिक्का, शिक्क्यात क्रमांक, क्रमांकापुढे तिरपी रेघ आणि रेघेपुढे साल. एकदा वावटळीत खिडकीतून कडुनिंबाचं पान येऊन टेबलावर पडलं, तर गावंड्यांनी त्यालाही क्रमांक देऊन टाकला, असं कार्यालयातले लोक सांगत. हे साफ खोटं आहे. पानावर अर्जदाराची सही नव्हती, म्हणून त्यांनी ते परत पाठवलं होतं.

अशा माणसाला निवृत्तीनंतर करमणार कसं? तीन वर्षं त्यांनी घरात येणाऱ्या लग्नपत्रिकांवर तारखा टाकून काढली. मग सेवानिवृत्त कर्मचारी मित्रमंडळाने ठरवलं, की आपण सर्व समाजांचा मिळून एक वधू-वर परिचय मेळावा घ्यायचा, नोंदणी मोफत. नोंदणी म्हटल्याबरोबर सगळ्यांच्या माना गावंड्यांकडे वळल्या. मंडळाचे अध्यक्ष रामराव ढोले, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक ढोले गुरुजी, म्हणाले, "रजिस्टर भाऊंकडे. विषय संपला."

विषय तिथेच संपला असता. पण गावंड्यांनी ही बातमी आनंदाच्या भरात पुण्याला मुलीला फोन करून सांगितली.

मुलगी योगिनी एकोणतीस वर्षांची. कसल्याशा कंपनीत डेटाबेस सांभाळायचं काम करायची. "बाबा, रजिस्टर?" ती म्हणाली. "दोन हजार पंचवीस चालू आहे! थांबा, माझा जुना लॅपटॉप पाठवते."

लॅपटॉप आला आणि रविवारी सकाळी शिकवणी सुरू झाली. गावंडे टेबलाशी, फोन स्पीकरवर. शेजारचे सेवालाल राठोड, निवृत्त एसटी कंडक्टर, ओट्यावर बसून ऐकत होते. सेवालालना कोणी बोलावलेलं नव्हतं. त्यांना कधीच बोलवावं लागत नसे.

"आता लिहा, आयडी," योगिनी म्हणाली. "त्याच्यापुढे प्रायमरी की. त्याच्यापुढे ऑटो इन्क्रिमेंट."

गावंड्यांची बोटं थांबली. "काय म्हणतं?"

"ऑटो इन्क्रिमेंट."

"म्हंजे इन्क्रिमेंट आपोआप भेटते?"

"हो, आपोआप."

गावंड्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले. मग म्हणाले, "माह्यं इन्क्रिमेंट चार वर्षं अडकून होतं, योगू. सेवापुस्तकात एक सही नव्हती म्हून. तीन साहेब बदलले. अन् आता तू म्हणतं आपोआप?"

"बाबा, पगाराचं नाही हो. नंबरचं. नवीन नाव टाकलं की त्याला पुढचा नंबर आपोआप मिळतो. नंबर तुम्ही द्यायचाच नाही. तो देतो."

"तो कोण?"

"डेटाबेस."

नंबर आपण द्यायचा नाही! गावंड्यांना एकदम घरात कोणी परका माणूस येऊन आपल्या पाटावर जेवायला बसल्यासारखं वाटलं. ओट्यावरून सेवालाल म्हणाले, "गावंडे, हे तं असं झालं का कंडक्टरनं निसती शिटी वाजवाची, तिकीट मशीन फाडते."

"फाडतेच ना आता मशीन."

"म्हून तं मी रिटायर झालो," सेवालाल म्हणाले. ते वयोमानाने निवृत्त झाले होते, पण असं सांगण्यात जरा बाणा दिसतो.

प्रायमरी कीचा प्रश्न मंडळाच्या बैठकीत निघाला. गावंड्यांनी नव्या पद्धतीची माहिती दिली, तेव्हा ढोले गुरुजी खुर्चीत पुढे सरकले. "प्रायमरीत मी छत्तीस वर्षं काढली. प्रायमरीची की अध्यक्षाकडंच राहिली पाह्यजे. घटनेत तसं लिहिलं आहे, किल्ल्या अध्यक्षांच्या ताब्यात."

"गुरुजी, ती किल्ली तशी नाही. तो नुसता नंबर आहे."

"मग नंबरची किल्ली माझ्याकडं द्या."

अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर ठराव मंजूर झाला. गावंड्यांनी घरी जाऊन गोधड्यांच्या जुन्या पेटीची किल्ली आणून दिली. गुरुजींनी ती करदोट्याला बांधली आणि नोंदणी सुरू करण्यास परवानगी दिली.

नोंदणीचा पहिला मान गुरुजींच्या भाच्याचा. मुलगा नवे कपडे घालून आला, फोटो दिला, गावंड्यांनी माहिती भरली आणि यंत्राने क्रमांक दिला, चार.

"चार?" गुरुजी म्हणाले. "याच्या आधीचे तिघं कोण?"

गावंड्यांना खोटं बोलता येत नसे. "मी, चंदा अन् सेवालाल. करून पाह्यलं होतं. मग पुसलं."

गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं, आतल्या खोलीकडे पाहिलं, ओट्यावरच्या सेवालालकडे पाहिलं. या वयात या तिघांनी लग्नाला उभं राहावं, आणि त्यातली दोघं तर एकमेकांचे नवराबायको, हे त्यांच्या पचनी पडेना. भाचा म्हणाला, मामा, मी चार नंबर घेतो. गुरुजी म्हणाले, तू गप बस.

योगिनीने पुण्याहून सगळा तक्ता रिकामा केला आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू करून दिली. "पण दरवेळी असं करता येणार नाही," तिने बजावलं. "सगळी नावं जातात यात. एरवी एकदा दिलेला नंबर दिला. माणूस काढला तरी तो नंबर पुन्हा कोणाला देत नाही तो."

हे ऐकून मात्र गावंड्यांना त्या यंत्राविषयी पहिल्यांदा आदर वाटला. हा कोणीतरी आपल्याच खात्यातला दिसतो, ते मनात म्हणाले.

पंधरा दिवसांत नावं शंभरावर गेली. पोरगे एकशे चार, पोरी आठ. हे प्रमाण पाहून मंडळाला घाम फुटला, पण गावंड्यांना नाही. आवक क्लार्कने कागद मोजायचे असतात, कागदात काय आहे हे पाहायचं नसतं. त्यांनी यादी छापली आणि मंगल कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर स्वतः टाचण्या मारून लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंझोरीहून गोजराबाई आल्या. सत्तरीच्या, नऊवारी खोचलेली, बारा एकराच्या मालकीण. नातू ऋषिकेश शेती पाहायचा, वय बत्तीस, त्याची नोंदणी आधीच झाली होती. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, यादीवर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत आल्या आणि तिथून थेट गावंड्यांच्या घरी.

"भाऊ, मले अडतीस नंबर दाखवा."

"अडतीस?"

"सदतीस आहे, एकोणचाळीस आहे. अडतीस कुठी लपवून ठेवली?"

गावंडे अनवाणीच मंगल कार्यालयापर्यंत गेले. खरंच. सदतीस, एकोणचाळीस. मधे काहीच नाही. एकतीस वर्षांत जे झालं नव्हतं ते फळ्यावर, भर चौकात, त्यांच्या सहीखाली झालं होतं. त्यांना वाटलं आपलं धोतर सुटलं आहे. ते धोतर नेसत नसत तरी त्यांनी कमरेला हात लावून पाहिला.

"लपवली नाही, मावशी. चुकून गेला असन नंबर."

"पोरगा असता तं कोणी लपवला नसता," गोजराबाई म्हणाल्या. "पोरगा लपवून कोण कायले ठेवन? पोरगीच आहे ते. अन् चांगली आहे. वाईट असती तं तुमी आधी दाखवली असती."

या युक्तिवादात एकही फट नव्हती. तो दुपारपर्यंत बाजार समितीत गेला, संध्याकाळपर्यंत बसस्थानकावर. सोमवारी अडतीस नंबरची पोरगी फक्त पोरगी होती. मंगळवारी ती शिक्षिका झाली. बुधवारी तिला वाशिमला नोकरी लागली, तीही कायम. गुरुवारी तिची उंची पाच फूट सहा इंच भरली आणि किन्हीराजाहून एक माणूस तिची जन्मवेळ विचारायला मोटारसायकलवर आला. कोणाची तरी मामी तिला एका बारशाला भेटलेलीही निघाली. स्वभावाने साधी आहे म्हणे, अजिबात गर्व नाही.

ढोले गुरुजींनी तातडीची बैठक घेतली. "भाऊ, स्पष्ट विचारतो. ही मुलगी तुम्ही तुमच्या भाच्या-पुतण्यासाठी दाबून ठेवली काय?"

"गुरुजी! मी साहेबाची बदलीची ऑर्डर दाबली नाही कधी. अन् पोरगी दाबीन?"

"मग नंबर गेला कुठी? किल्ली तर माझ्याकडं आहे." त्यांनी करदोट्याची किल्ली वर काढून सगळ्यांना दाखवली.

गावंडे घरी आले ते न जेवता बसले. सेवालाल सांत्वनाला आले. "येवढं काय त्यात? लिहून टाका काहीबाही. आमी ट्रिप शीटवर नाही लिहत जाओ? ‘प्रवासी उतरला.’"

"प्रवासी बसलाच नाही तं उतरन कसा?"

"म्हून तुमी कंडक्टर झाले नाही," सेवालाल म्हणाले.

शेवटी गावंड्यांनी योगिनीला फोन लावला आणि तिने काही विचारायच्या आत अडतीसची सगळी कहाणी सांगितली, बारशासकट.

"बाबा," ती म्हणाली, "अडतीस नंबर मी आहे."

"काय?"

"आईनं टाकलं माझं नाव. तुम्ही केस कापायला गेला होता तेव्हा. मी इथून रोज एकदा सगळं उघडून तपासते ना. बघते तर काय, मीच. फोटोसकट. गेल्या वर्षीचा, मावशीच्या घरचा. मी पुसून टाकलं. मला न विचारता नाव लिहिलं, बाबा. निदान विचारायचं तरी."

गावंड्यांनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. चंदाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि भाकरी तव्यावर टाकली.

"सांगतलं वाटते तिनं."

"अवो, माह्या माघारी? माह्या रजिस्टरात?"

"तुमी साऱ्या जिल्ह्याच्या पोरी लिहून राह्यले," चंदाबाई म्हणाल्या. "घरच्या पोरीचं नाव कोण लिहन? तुमाले तं तिचं वयही सेवापुस्तक पाहून सांगा लागते." त्यांनी भाकरी उलटली. "मले वाटलं, नंबर लागला तं लागला. तेवढंच मनाले बरं."

दोघींचंही बरोबर होतं, आणि दोन्ही कागद बरोबर असले तर कोणता फाइलला लावायचा याचा नियम त्यांना ठाऊक नव्हता. खरं सांगावं तर मुलीचं नाव गावभर होणार. न सांगावं तर आपलं. तेव्हा त्यांनी जे केलं ते कोणत्याही सज्जन आवक क्लार्कने केलं असतं. चुकलेल्या क्रमांकासमोर आवक रजिस्टरात काय लिहितात? ‘रद्द’ लिहितात आणि खाली सही करतात.

त्यांनी लॅपटॉप उघडला. नावाच्या जागी लिहिलं: रद्द. यंत्र पुढे जाईना. स्त्री की पुरुष ते विचारू लागलं. गावंड्यांनी सत्याला धरून ‘स्त्री’ टाकलं. त्याबरोबर यंत्राने नावाआधी आपणहून ‘कुमारी’ लावलं. आता उरला क्रमांक. तो आपोआप येणारा नको, अडतीसच हवा, म्हणून या वेळी हाताने टाकायचा होता, कितीतरी दिवसांनी स्वतःच्या हाताने, आणि त्या आनंदात एकतीस वर्षांची सवय बोटांत उतरली. क्रमांक, तिरपी रेघ, साल. ३८/२०२५. त्या रकान्यात फक्त आकडेच उमटत होते, तिरपी रेघ उमटली नाही. उमटली नाही हे गावंड्यांनी पाहिलं नाही, कारण ते तेव्हा सही करायला पेन शोधत होते.

कुमारी रद्द, क्रमांक तीन लाख ब्याऐंशी हजार पंचवीस, अशी नोंद झाली.

सही करायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी ती एका कागदावर करून लॅपटॉपखाली ठेवली आणि समाधानाने शेतातल्या तुरीचा हिशेब पाहायला दोन दिवस गावी गेले. नोंदणीचं टेबल तेवढे दिवस गुरुजींकडे होतं. गुरुजींना भिंगाशिवाय दिसत नसे आणि भिंग त्यांनी फक्त वर्तमानपत्रासाठी राखून ठेवलं होतं. यंत्र आपलं काम चोख करत होतं. सगळ्यात मोठा क्रमांक कोणता? तीन लाख ब्याऐंशी हजार पंचवीस. पुढचा? सव्वीस. दोन दिवसांत तेहतीस उमेदवार आले आणि तेहतीस जणांच्या हातात लाखांच्या चिठ्ठ्या गेल्या.

तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली: ‘कारंजा येथे पावणेचार लाखांवर उपवरांची विक्रमी नोंदणी.’ खाली गुरुजींचा फोटो. अख्ख्या जिल्ह्याची वस्ती बारा लाखांच्या आसपास. म्हणजे पाळण्यातली आणि काठी टेकणारी धरून दर तीन माणसांमागे एक उपवर. पण बातमी वाचताना भागाकार कोणी करत नाही.

योगिनी फोनवर आधी हसली, मग रडकुंडीला आली. "बाबा, चिठ्ठ्या वाटल्या नसत्या तर मी मागे आणलं असतं. आता ते नंबर लोकांचे झाले. मी रजा टाकून येते. तोवर कशालाच हात लावू नका. आईलाही लावू देऊ नका."

ती येण्याआधी सरकारी बोलावणं आलं. मेळाव्याच्या परवानगीसाठी मंडळाने अर्ज दिला होता, त्यात ‘अपेक्षित उपस्थिती तीनशे’ असं लिहिलं होतं. ज्यांच्याकडे अर्ज होता त्या साहेबांच्या टेबलावर आता तो अर्ज आणि ते वर्तमानपत्र शेजारी शेजारी ठेवलेलं होतं.

"गावंडे, तीनशे की तीन लाख?"

"तीनशे, साहेब."

"छापून तर तीन लाख ब्याऐंशी हजार आलं आहे. मला नियमाने विचारावंच लागेल. वाहनतळ किती एकर? फिरती शौचालयं किती? अग्निशमनच्या गाड्या? आणि हेलिकॉप्टर उतरायची जागा दाखवलेली नाही."

"हेलिकॉप्टर कायले साहेब? वधू-वर मेळावा आहे."

"एवढी माणसं जमली की कोणी ना कोणी हेलिकॉप्टरने येतंच. लेखी खुलासा द्या."

गावंड्यांनी बाहेरच्या बाकावर बसून खुलासा लिहिला. ‘सदर संख्या ही माणसांची नसून क्रमांकाची आहे. क्रमांकात साल मिसळल्याने तो फुगला. प्रत्यक्षात कुमारी रद्द ही व्यक्ती अस्तित्वात नाही.’ वाचून पाहिला. शुद्ध, मुद्देसूद, आणि वेड्याच्या इस्पितळात भरती व्हायला पुरेसा.

आवक टेबलावर धम्मदीपा नावाची तरुण क्लार्क होती. तिने कागद घेतला, संगणकात नोंदवला, पोच दिली. क्रमांक चार हजार चारशे सतरा. गावंड्यांच्या मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला मिळाला चार हजार चारशे एकोणीस.

गावंडे पुन्हा टेबलाकडे वळले. "ताई, चारशे अठरा?"

"अं? उडाला असन काका. मधी लाइट गेली होती."

"उडाला?"

"रोज उडतात दोन-चार."

"अन् कोणी विचारत नाही?"

धम्मदीपाने पहिल्यांदा मान वर केली. "कोण विचारन? दोन वर्षं झाली मले इथं. तुमीच पहिले."

गावंडे पुन्हा बाकावर येऊन बसले. एकतीस वर्षं. तापात फणफणताना, सासऱ्याच्या तेराव्याला, एकदा तर योगिनीच्या जन्माच्या दिवशी, ते रजिस्टर पूर्ण करून मगच उठले होते. कोणी विचारेल म्हणून. त्यांनी आठवून पाहिलं. एकतीस वर्षांत त्यांनाही कोणी कधी विचारलं नव्हतं. माठातलं दोन पेले पाणी पिऊन ते घरी आले आणि चंदाबाईंना म्हणाले, "योगू झाली त्या दिवशी मी किती वाजता आलो होतो दवाखान्यात?"

"संध्याकाळच्या पावणेसातले," चंदाबाई म्हणाल्या. "पोरगी सकाळी झाली होती."

तीनशेच्या अटीवर परवानगी मिळाली. मेळाव्याच्या दिवशी सकाळी योगिनी पुण्याच्या बसमधून उतरली आणि घरी न जाता थेट मंगल कार्यालयात आली. तिथे तीन लाख माणसं नव्हती. पण दोन हजार होती. हॉल तीनशेचा. ट्रॅक्टर, जीपा, दोन वऱ्हाडाच्या बसेस. इंझोरीहून गोजराबाई अख्खी भावकी घेऊन आल्या होत्या. बातमी वाचून पोरींचे बापही धीर करून आले होते, त्यामुळे पोरी आठच्या सव्वीस झाल्या होत्या. सेवालालनी जुनी शिटी काढली होती आणि ते दारात उभे राहून ओरडत होते, "पुढं सरका! मधी जागा खाली आहे! उतरणाऱ्याले आधी उतरू द्या!" कोणीच उतरत नव्हतं.

गुरुजींनी एक नंबरपासून पुकारायला सुरुवात केली. पोरगा मंचावर यायचा, नाव-गाव सांगायचा, जायचा. कोणाचं लक्ष नव्हतं. पस्तीस. छत्तीस. हॉलमध्ये कुजबूज थांबली. सदतीस. मागचे लोक खुर्च्यांवर चढले. पंखेसुद्धा ऐकायला थांबले असं वाटलं. ते लाइट गेल्यामुळे थांबले होते.

"एकोणचाळीस," गुरुजी म्हणाले.

असा कल्ला उठला, की बाहेरच्या जीपांमधले ड्रायव्हर आत आले. "अडतीस दाखवा! अडतीस काहून नाही?" एकाने तर ‘नोंदणी रद्द करा’ अशी घोषणा दिली, आणि यादीत शेवटच्या पानावर खरोखरच एक कुमारी रद्द आहे हे कोणाच्या तरी ध्यानात आल्यावर ‘रद्दबाईले समोर आणा’ असा दुसरा पक्ष तयार झाला.

गावंडे उठले. लाइट नसल्याने माइक बंद होता, पण आवक टेबलावरचा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो. त्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं. ती लॅपटॉपसमोर बसली होती. तिने मान हलवली, म्हणजे बोला.

"अडतीस नंबर माह्या घरचा आहे," गावंडे म्हणाले. "माही पोरगी. नाव तिले न विचारता लिहिल्या गेलं होतं. तिनं ते काढून घेतलं. नंबर एकदा दिला का तो दुसऱ्याले देता येत नाही, म्हून तो खाली आहे. खालीच राहीन. मी त्याच्यात ‘रद्द’ लिहाले गेलो, ते माही चूक. माह्या नोकरीतली पहिली, अन् तेही रिटायर झाल्यावर."

गोजराबाई उठल्या, टेबलापर्यंत आल्या आणि चष्मा लावून त्यांनी योगिनीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हे? मले तं पाच फूट सहा इंच सांगतली होती," त्या म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

हसण्याच्या गडबडीत तिसऱ्या रांगेतून एक मुलगी उठून टेबलाशी आली. किन्हीराजाची रेणू. "काका, नाव काढता येते काय?"

"येते."

"मग माह्यंही काढा. मले आधी पोलीस भरती द्याची आहे. दोन मार्कानं हुकली मागच्या खेपेले."

"अवं, बस खाली!" तिचा बाप मागून ओरडला. पण तो मधल्या रांगेत अडकला होता आणि सेवालाल त्याला सरकू देत नव्हते.

गावंड्यांनी बापाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं. "तोंडी चालत नाही. अर्ज पाह्यजे. नाव, नंबर, कारण. खाली सही."

रेणूने निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर अर्ज लिहिला. तो घेऊन गावंडे वळतात तर तिच्यामागे आणखी दोन मुली, त्यांच्यामागे चार, आणि मग चक्क पोरगे. रांग दारापर्यंत गेली. सेवालालना शेवटी खरं काम मिळालं. रांगेत अकरावा होता ऋषिकेश, गोजराबाईंचा नातू. कारणाच्या जागी त्याने लिहिलं होतं, ‘आजी ऐकत नाही.’ गावंड्यांनी अर्ज वाचला, आजीकडे एकवार पाहिलं आणि मंजूर केला. प्रत्येक अर्जावर त्यांनी तारीख टाकली, योगिनीने एकेक नाव पुसलं. एकही रिकामा नंबर भरायचा नाही, असं बापाने मुलीला सांगितलं. हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालेलं चंदाबाईंनी ऐकलं आणि त्या खुर्ची ओढून मुलीशेजारी जाऊन बसल्या. तिथून त्या एकेक अर्ज उचलून तिच्या हातात देऊ लागल्या.

नऊ मुली गेल्या, साठेक मुलगे गेले. जे उरले ते खरोखर लग्न करायला आलेले होते, आणि असे लोक एकमेकांशी भराभर बोलतात. दुपारी जेवणं होईपर्यंत सहा सोयरिकींची बोलणी लागली. मंडळाच्या इतिहासात, म्हणजे त्याच दिवसात, हा विक्रम होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी योगिनी लॅपटॉप बंद करण्याआधी म्हणाली, "बाबा, वाटलेले नंबर राहू देत, पण पुढची मोजणी मागे आणून देऊ का? एकशे चाळीसच्या पुढून सुरू होईल."

"नको," गावंडे म्हणाले. "राहू दे जसं आहे तसं."

चंदाबाई आतून म्हणाल्या, चहा झाला आहे, आणि तेवढ्यात ढोले गुरुजी फाटकातून आत आले. एकटेच. इस्त्रीचा सदरा, अत्तर, हातात बंद पाकीट. ओट्यावर सेवालाल नाहीत याची त्यांनी आधी खात्री करून घेतली. मग खुर्चीच्या टोकावर बसले.

"भाऊ, एक नोंदणी राहिली आहे."

"कोणाची, गुरुजी?"

गुरुजींनी पाकीट पुढे सरकवलं. गावंड्यांनी उघडलं. आत गुरुजींचाच फोटो होता, नवा काढलेला, मागे निळा पडदा. त्यांच्या मंडळी जाऊन सात वर्षं झाली होती. दोन्ही मुलं परगावी होती.

योगिनीने वडिलांकडे पाहिलं. गावंडे हसले नाहीत. त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि सावकाश, एका बोटाने, माहिती भरायला घेतली. नाव. वय, अडुसष्ट. शिक्षण. व्यवसाय, सेवानिवृत्त.

"अपेक्षा?"

गुरुजींनी फाटकाकडे पाहिलं. "लिहा," ते म्हणाले, "सकाळच्या चहाला कोणी असावं. बाकी काही नाही." मग घाईघाईने, "नंतर वाटलं तर काढता येते ना?"

"अर्ज द्या लागन," गावंडे म्हणाले. "पण नंबर तुमचाच राहीन."

गुरुजींनी मान डोलावली. यंत्राने क्रमांक दिला, तीन लाख ब्याऐंशी हजार एकशे एक्याण्णव. गावंड्यांनी तो चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहून दिला. गुरुजींनी चिठ्ठी चार घड्या करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली, आणि चंदाबाईंनी त्यांच्यासमोर चहाचा कप आणून ठेवला.